पुराव्याचं शिलाई मशीन

शुक्रवारी सकाळी साडेअकरा वाजता खिडकीतून घमेलंभर ओला गिलावा शिलाई मशीनवर येऊन पडला, तेव्हा बाईंनी फडकं उचललं आणि साहेबांनी आवाज.

"हात लावू नकोस! एका कणालाही हात लावायचा नाही!"

बाईंचा हात फडक्यासकट हवेत राहिला. खिडकीबाहेर परांचीवर उभा असलेला गवंडी हातातल्या रिकाम्या घमेल्याकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. इमारतीच्या बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती महिनाभर चालू होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत काम आलं, आणि गवंड्याचा पाय फळीवरून जरासा सरकला, एवढंच. माणूस मात्र सरळ होता. "थांबा वहिनी, लगेच धुऊन देतो," असं म्हणत त्याने बाहेरूनच अर्धी बादली पाणी मशीनवर ओतलं. म्हणजे आता गिलावा मशीनच्या वर होता आणि पाणी आत.

"तूही थांब!" साहेब ओरडले. "पुराव्याशी छेडछाड होते आहे!"

या साहेबांना अख्खी इमारत त्रुटीसाहेब म्हणत असे. एका विमा कचेरीच्या दावे विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, आणि "त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावे" हे वाक्य त्यांनी जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा लोक आपली सही करत नाहीत. दावा मंजूर करणं ऐऱ्यागैऱ्यालाही जमतं, नामंजूर करायला अक्कल लागते, असं त्यांचं मत होतं. निवृत्तीनंतर ही अक्कल घरात पडून होती. वाणसामानाच्या यादीतसुद्धा ते अनुक्रमांक तपासत. अशा माणसाच्या घरात आयतं नुकसान चालून आलं, तेही साक्षीदारासह. साहेबांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण खोटं कशाला बोला, त्या दुःखाला चांगलीच टवटवी आली होती.

"दावा कसा दाखल करतात ते आता लोकांना कळेल," ते म्हणाले.

त्यांच्या बायकोची, म्हणजे बाईंची, अडचण वेगळी होती. तीस वर्षं त्या शेजारपाजारच्या विजारी आखूड करत, पडद्यांना दुमड घालत आणि "अहो, एवढंसं तर काम," असं ऐकत आल्या होत्या. या महिन्यात पहिल्यांदाच त्यांना कागदावर लिहिलेलं, शिक्का मारलेलं काम मिळालं होतं. परिचारिकांच्या शाळेसाठी छत्तीस पांढरे एप्रन, एकवीस तारखेपर्यंत. वेळेवर आणि नीट झाले, तर पुढचे साठही तुमचेच, असं तिथल्या मेट्रनने सांगितलं होतं. नाही झाले तर दुकानातून तयार माल घेणार. कापड बेतून, कापून, कपाटात सुरक्षित होतं. आज तारीख होती दोन.

"अहो, पण मी शिवू कशावर?"

"तीन दिवस कळ काढ. पाहणी झाली की तू मोकळी."

"तुम्ही नोकरीत होतात तेव्हा पाहणी किती दिवसांनी करायचात?"

साहेबांना एकाएकी खोकला आला.

दुपारपर्यंत मशीनभोवती खडूची रेघ ओढली गेली, खुनाच्या जागी ओढतात तशी. गिलाव्याच्या प्रत्येक ढेकळाशेजारी पट्टी ठेवून फोटो निघाले. मशीनच्या गळ्यात पाटी आली: "पुरावा. स्पर्श करू नये." संध्याकाळी गवंडी स्वतःच्या खर्चाने रॉकेलचा बोळा आणि तेलाची बाटली घेऊन दाराशी आला. साहेबांनी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तुझी भावना चांगली आहे, पण भावनेला परिशिष्ट जोडता येत नाही, असं त्याला समजावून परत पाठवलं.

शेजारी मात्र उंबऱ्याला जुमानणारे नव्हते. वरच्या मजल्यावरच्या मावशी आल्या, त्यांनी रेघेबाहेर उभं राहून अंत्यदर्शन घ्यावं तसं मशीन पाहिलं आणि विचारलं, "फ्रिज घातलात का अर्जात?"

"फ्रिज स्वयंपाकघरात आहे, मावशी."

"असेना. गिलावा उडतो हो. माझ्या भाच्याला अशाच भानगडीत अख्खा सोफा मिळाला."

"भिजला होता का?"

"नव्हताच मुळी सोफा. म्हणून तर मिळाल्याचं कौतुक."

समोरचे पी.टी. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिट्टी अजून गळ्यात असल्यासारखेच बोलत. ते म्हणाले, "अर्ज-बिर्ज सोडा. कंत्राटदार वर गेला की खालून शिडी काढून घ्यायची. दोन तासांत पैसे खाली टाकतो की नाही बघा."

साहेबांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि दोघांचंही मानलं नाही. त्यांचा अर्ज सात पानांचा होता, सोबत अकरा जोडपत्रं. जोडपत्र चारमध्ये खोलीचा नकाशा होता आणि त्यात गिलाव्याचा प्रवासमार्ग बाणांनी दाखवला होता. जोडपत्र नऊमध्ये वाऱ्याची दिशा होती. ती कुणी विचारली नव्हती, पण विचारली तर?

अर्ज घेऊन साहेब इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांकडे गेले. चिटणीस दातांचे डॉक्टर. संस्थेची कचेरी म्हणजे तळमजल्यावरचा त्यांचा दवाखानाच. बसायला रिकामी खुर्ची एकच होती, डोक्यावर दिवा असलेली. साहेब तिच्यावर बसले, अर्ज पुढे केला आणि "विषय असा की" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरांचा हात सवयीने दिव्याकडे गेला.

"असंच ठेवा. अरे बापरे! ही दाढ कधीपासून अशी आहे?"

पुढची पंचवीस मिनिटं बोलायचं काम डॉक्टरांनीच केलं. दुरुस्तीतलं नुकसान संस्थेकडे येत नाही, कंत्राटदाराचा विमा आहे, अर्ज तिकडे द्या, जीभ उजवीकडे घ्या. साहेब घरी आले तेव्हा दावा दाखल झाला नव्हता, दाढ मात्र भरून झाली होती. तिचं बिल जोडपत्र बारा म्हणून लावता येईल का, हा विचार त्यांच्या मनात आला. पण गिलावा आणि दाढ यांचा कार्यकारणसंबंध जुळेना.

कंत्राटदार खाली सापडणं मुश्किल. खाली उतरलं की लोक धरतात, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. म्हणून तो दिवसभर सहाव्या मजल्याच्या परांचीवर असे, चहासुद्धा दोरीने वर जाई. साहेबांनी त्याच दोरीच्या बादलीत अर्जाची एक प्रत ठेवली. अर्ध्या तासाने बादली खाली आली. तीत चहाचा रिकामा पेला होता आणि सिमेंटच्या पिशवीच्या तुकड्यावर लिहिलेलं उत्तर: "विम्याला कळवतो." तुकड्यावर ना तारीख, ना जावक क्रमांक. साहेब दिवसभर हळहळले. मग तो तुकडा इस्त्री करून त्यांनी फायलीला लावला.

तीन दिवस झाले. पाच झाले. आठ झाले. बाईंनी छत्तीसच्या छत्तीस एप्रन धावदोऱ्याने जोडून ठेवले, म्हणजे मशीन मोकळं होताच नुसती टीप मारायची. येताजाता त्या मशीनकडे बघत. गिलावा वाळून दगड झाला होता. चाकाच्या कडेने तांबूस रेघ दिसू लागली होती. "अहो, गंज चढतोय," त्या म्हणाल्या. साहेब वाकून बघत आणि समाधानाने नोंद करत: "नुकसानीत वाढ."

अकराव्या दिवशी पाहणी अधिकारी आला. साहेबांनी दार उघडलं आणि त्यांचा ऊर भरून आला. कंत्राटदाराचा विमा साहेबांच्याच जुन्या कचेरीचा निघाला होता, आणि समोर त्यांचाच शिष्य! नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेला, त्यांच्याकडूनच खोडरबराने नव्हे तर रेघ ओढून खोडायला शिकलेला.

"साहेब, तुमचा अर्ज आम्ही विभागात सगळ्यांनी मिळून वाचला," शिष्य म्हणाला. "एकही त्रुटी नाही. जोडपत्र नऊ तर दोघांनी उतरवून घेतलंय."

साहेबांनी भिंतीकडे बघून डोळे पुसले.

शिष्याने मशीन पाहिलं, रेघ पाहिली, पाटी पाहिली. चाक फिरवून पाहिलं, ते फिरलं नाही. शटल काढायला गेला, तर तेही बसल्या जागी गंजून चिकटलेलं. मग तो खुर्चीवर बसला आणि पाहणीचा नमुना भरू लागला. सोळा प्रश्न सरसर झाले. सतराव्याला पेन अडकलं.

"साहेब, हा प्रश्न तुमचाच आहे."

"वाच की."

"‘नुकसान वाढू नये म्हणून दावेदाराने त्वरित कोणते उपाय केले?’"

"‘त्वरित’ मी घातला," साहेब कौतुकाने म्हणाले. "मूळ मसुद्यात ‘वेळीच’ होतं. फार ढिलं होतं ते. या एका प्रश्नावर आपण किती दावे..." आणि इथे साहेब थांबले. ज्या फांदीवर आपण बसलो आहोत ती आपणच तोडलेली आहे, हे माणसाला फांदी खाली यायला लागल्यावरच कळतं.

पुढचं बाईंनी सांगितलं.

"लिहा ना. दावेदाराने त्वरित पाटी लावली."

शिष्य चुळबुळला. आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, वाटलं तर लिहितो मी. लगेच पुसलं, तेल घातलं, तरी गंज चढला. कोण बघायला येतंय?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. त्या कपाटाकडे बघत होत्या, जिथे छत्तीस एप्रन घडी घालून ठेवले होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी साहेबांच्या तोंडाशी "लिही" आलं होतं. एकतीस वर्षांत कधी आलं नव्हतं ते.

"नको," ते म्हणाले. "मीच पुसू दिलं नाही, असं लिही. मी सही करतो."

शिष्याने जड हाताने निकाल लिहिला. दावा पहिल्या दिवसाच्या नुकसानीपुरता मंजूर: फडकं एक, तेलाची बाटली एक. उरलेलं नुकसान दावेदाराच्या कृतीमुळे. साहेबांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. निकाल बिनतोड होता, शिष्य गुरूच्या वरताण निघाला होता. कौतुक करावं की रडावं, हे न समजून त्यांनी फक्त एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला भाग मागवावे लागतील, पंधरा दिवस धरा. आसपास कुणाकडे मशीन मिळतं का ते बाईंनी विचारून पाहिलं. होतं एकीकडे, पण त्याच्या पायांवर टीव्ही ठेवलेला होता आणि वरचं मशीन माळ्यावर गंजून पडलं होतं. संध्याकाळी बाई दिव्याखाली सुई घेऊन बसल्या. हाताने एक एप्रन नीट शिवायचा तर दिवस जातो. दिवस उरले आठ, एप्रन छत्तीस. हे गणित साहेबांनी तीन प्रकारे करून पाहिलं, उत्तर बदलेना.

"उद्या दुपारी मेट्रनना फोन करते," बाई दोरा तोडत म्हणाल्या. "जमत नाही म्हणून सांगते. ऐनवेळी त्यांची फजिती नको."

त्या चिडल्या असत्या, दोन भांडी आपटली असती, तर साहेबांना झोप लागली असती. त्या नुसत्याच सुई टोचत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीने एक दृश्य पाहिलं. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन आणि काखेत फाईल अशा थाटात त्रुटीसाहेब परांचीची शिडी चढत होते. खालून पी.टी. मास्तर दोन्ही हात तोंडाशी नेऊन सूचना देत होते. "गुडघा वर! श्वास सोडा! खाली बघू नका! बघितलंत? म्हटलं होतं ना बघू नका!" चौथ्या मजल्यावर मावशींच्या खिडकीतून आवाज आला. "अगंबाई, साहेब! दारावरची बेल बंद आहे का?" मावशींना नमस्कार करावा म्हणून साहेबांनी हात उचलला आणि काखेतली फाईल निसटली. सात पानं, अकरा जोडपत्रं आणि इस्त्री केलेला पिशवीचा तुकडा गिरक्या घेत अंगणात उतरले. जोडपत्र नऊ सगळ्यांत लांब गेलं. वाऱ्याची दिशा त्यात अचूक दिली होती.

सहाव्या मजल्यावर कंत्राटदार चहा पीत बसला होता. फळीच्या कडेतून साहेबांचं डोकं वर आलेलं पाहून त्याने दुसऱ्या टोकाकडे नजर टाकली. पण तिकडे रस्ता नव्हता.

"हे बघा साहेब," तो घाईने म्हणाला, "विम्याचं मी कळवलंय, आणि तुमची खिडकी उघडी होती, आणि माझ्या माणसाने पाणीसुद्धा..."

साहेबांनी काखेकडे हात नेला. काख रिकामी होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यासमोर कार्यालयीन बाब होती आणि हातात कागद नव्हता. त्यांना धाप लागली होती, आणि विषय, संदर्भ, महोदय हे सगळं खाली अंगणात पडलं होतं.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले. "थोडं तुमच्यामुळे, बरंचसं माझ्यामुळे. माझ्या बायकोला आठ दिवसांत छत्तीस एप्रन शिवायचेत. तिचं पहिलं काम आहे. मला काही सुचत नाही. तुम्हाला काही सुचतंय का?"

कंत्राटदार भांडणाच्या तयारीत होता. त्या तयारीचं काय करावं ते त्याला कळेना. त्याने आधी साहेबांना हात देऊन फळीवर बसवलं, आपल्या चहातला अर्धा चहा दिला आणि डोकं खाजवलं.

"आठ दिवसांपुरतं मशीन पाहिजे, एवढंच ना? मग बारा दिवस हे काय चाललं होतं?"

"प्रक्रिया," साहेब म्हणाले.

परांचीला जी हिरवी जाळी लावतात ती आणि ताडपत्र्या शिवायला कंत्राटदाराच्या गोदामात एक मशीन होतं. दुपारी चार माणसं ते घेऊन आली. पुढे तोच गवंडी होता. मशीन कसलं, लहान रणगाडाच तो! खाली माठाएवढी मोटर. बाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, जाडजूड सुई काढून फेकली, बाजारातून बारीक सुई आणवली, दोऱ्याचा ताण सैल केला आणि पायाने कळ दाबली. वरच्या मजल्यावर मावशींची बरणी पडली. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र असं तेज आलं, की साहेबांना त्यांचं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं.

पहिली टीप सुसाट गेली. इतकी, की एप्रन धरायला मदत करणाऱ्या साहेबांच्या सदऱ्याची बाही एप्रनच्या कडेला पक्की शिवली गेली. दोन्हींपैकी एक उसवणं भाग होतं. बाईंनी क्षणाचाही विचार न करता कात्री सदऱ्याला लावली.

मग साहेबांना मशीनपासून लांब, खिडकीपाशी बसवण्यात आलं आणि नाड्या देण्यात आल्या. एका एप्रनला दोन, म्हणजे बहात्तर. उलट्या शिवलेल्या अरुंद नाडीत विणायची सुई घालून ती सुलट करायची आणि टोक अलगद बाहेर काढायचं. पहिल्या दिवशी नऊ झाल्या. बाईंनी त्यातल्या चार परत टाकल्या.

"काय झालं यांना?"

"टोक नीट निघालेलं नाही. पुन्हा करून आणा."

साहेबांनी चारही नाड्या परत घेतल्या. अर्ज परत गेला की समोरच्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार त्यांनी आजवर केला नव्हता. तो त्यांनी चार नाड्यांपुरता केला.

तिसऱ्या दिवशी चिटणिसांची लेखी सूचना आली. आपल्या यंत्राच्या घरघरीमुळे दवाखान्यातले रुग्ण खुर्चीत बसण्याआधीच पळून जात आहेत, तरी यंत्र तत्काळ बंद करावे. बाईंनी कळीवरून पाय काढला आणि साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी विणायची सुई खाली ठेवली, चष्मा लावला, सूचना वाचली, आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या गालावर लाली आली.

"तू शिव," ते म्हणाले.

सूचनेवर ठरावाचा क्रमांक नव्हता. ‘यंत्र’ म्हणजे कोणतं याचा खुलासा नव्हता. पळून गेलेल्या रुग्णांची यादी जोडलेली नव्हती. सूचना परत गेली. दोन दिवसांनी यादीसह आली, तेव्हा यादीवर रुग्णांच्या सह्या नव्हत्या. पळून गेलेल्या माणसांच्या सह्या आणायला डॉक्टरांना वेळ लागणारच. साहेबांनी घाई केली नाही. पुरेसा अवधी देणं हा नियमच आहे.

वीस तारखेला दुपारी शेवटचा एप्रन मशीनवरून उतरला. त्याच सुमारास कंत्राटदार दाराशी आला. बाईंना वाटलं मशीन न्यायला आला. पण त्याने एक एप्रन उचलून उजेडात धरला, टीप पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, परांची उतरायला अजून दोन महिने आहेत. तोवर इथेच राहू द्या. माझ्या गोदामात तरी त्याला कोण एवढं नीट वागवतंय?"

एकवीस तारखेला सकाळी दहा वाजता दोघं परिचारिकांच्या शाळेत पोचले. बाई पुढे, दोन्ही गठ्ठे घेऊन साहेब मागे. मेट्रन उंच, कमी बोलणारी बाई होती. तिने मधलाच एक एप्रन ओढून काढला, उलटा केला, शिवण तपासली, मग नाडी दोन्ही हातांनी धरून जोरात ओढली. नाडी हलली नाही.

"शिवण पक्की आहे," मेट्रन म्हणाली. "पण मला नाड्या आवडल्या. सगळ्या सारख्या, टोकं अगदी टोकदार. दुकानातल्या मालात ही टोकं कधी बाहेर आलेलीच नसतात. कोण करतं?"

"हे करतात," बाई मागे न बघता म्हणाल्या. "माझ्या हाताखाली आहेत."

मेट्रनने साहेबांना नखशिखांत न्याहाळलं आणि मान हलवली. "माणूस बरा मिळालाय. साठ कधी देता?"

एरवी अशा प्रश्नाला बाई साहेबांकडे बघत. आज त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं, ओठातल्या ओठात काहीतरी मोजलं आणि तारीख सांगितली. मेट्रनने ती लिहून घेतली आणि कागदावर शिक्का मारला.

जिना उतरताना साहेब हिशेब करत होते. साठ एप्रन म्हणजे एकशे वीस नाड्या. दिवसाला पंधरा झाल्या तर आठ दिवस, परत येणाऱ्या धरून नऊ. शेवटच्या पायरीवर ते थांबले.

"मी कायम झालो का गं?"

"आधी हे साठ होऊ देत," बाई म्हणाल्या. "मग बघू."